हळद एकाची, पिवळा दुसराच

अगं नंदा, जरा कुंपणाशी ये. ओट्यावरून ओरडून बोलण्यासारखं नाही हे. तुझ्या भावेशने दिलेला तो गाण्याच्या कंपनीचा कागद काल रात्री वाचला मी. सगळा, हो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोकरी गेली माझी. खरेदीखतं, गहाणखतं, भावाने बहिणीकडून गोड बोलून घेतलेली हक्कसोडपत्रं, काय काय डोळ्यांखालून गेलं. पण इतका बेरकी कागद बघितला नव्हता बाई.

शब्द पोराचे, चाल पोराची, आवाजही त्याचाच. हातावर पंधरा हजार टेकवले आणि लिहून काय घेतलं? गाणं कायमचं, जगभरासाठी, आज असलेल्या नि उद्या निघतील त्या सगळ्या माध्यमांसाठी कंपनीचं. शेवटच्या पानावर बारीक टायपात, नाव द्यायचं की नाही ते कंपनीच्या मर्जीवर. म्हणून तर यूट्यूबवर त्या गाण्याखाली निर्मात्याचं नाव आहे, नाचणाऱ्या मुलीचं आहे, ड्रोन उडवणाऱ्याचंसुद्धा आहे, आणि आपल्या भावेशचं मात्र चष्मा पुसून शोधावं लागतं.

वर आणि बहिणीच्या हळदीत पोराने आपलंच गाणं म्हटलं, त्याचा व्हिडिओ आपल्याच चॅनेलवर टाकला, तर कंपनीचा क्लेम! म्हणजे मांडव तुझा, मुलगी तुझी, गाणं तुझ्या पोराचं, आणि जाहिरातीचे पैसे त्यांच्या खात्यात. आणि तू म्हणतेस, जाऊ दे काकी, नाव तर झालं. कुठे झालं?

नावाचं दुखणं तसं जुनंच आहे म्हणा. 'महल' आला 1949 साली. लताबाईंच्या आवाजाने लोक वेडे झाले आणि तबकडीवर गाणारणीचं नाव काय छापलं, तर कामिनी! ते सिनेमातल्या मधुबालाच्या पात्राचं नाव. ही गाणारी कोण म्हणून लोकांनी रेडिओला पत्रं धाडली, तेव्हा कुठे उलगडा झाला. फिल्मफेअरमध्येही गाणाऱ्याला बक्षीस नव्हतं. संगीतकाराला होतं, ज्याने गाऊन दाखवलं त्याला नाही. समारंभात गा म्हणून बोलावलं तर बाई सरळ म्हणाल्या, गायकाला बक्षीस नाही तर मी गात नाही. मग 1959 मध्ये ते सुरू झालं आणि पहिलं त्यांच्याच पदरात पडलं.

आणि रफीसाहेबांशी वाजलं ना त्यांचं, ते काही गाण्यावरून नव्हे, रॉयल्टीवरून. साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. लताबाईंचं म्हणणं, तबकडी खपतेय तोवर गायकाला वाटा मिळाला पाहिजे. रफीसाहेब म्हणायचे, गायलो, पैसे घेतले, व्यवहार मिटला. झालं, काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. आमच्या घरात यावरून अजून भांडणं होतात, हे पडले रफीभक्त. मी म्हणते, रफीसाहेब देवमाणूस, त्याबद्दल दुमत नाही, पण हिशेब बाईंचाच बरोबर होता. देवमाणसं भेटतात म्हणूनच कंपन्यांचं फावतं. तुझा भावेशही तसलाच. सही करताना पेनसुद्धा समोरच्याचंच वापरलं असेल.

नाही गं, कायदाही तेव्हा कुठे गाणाऱ्या-लिहिणाऱ्यांच्या बाजूने होता? गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस म्हणून संस्था आहे, 1969 पासूनची. त्यांचं नि सिनेमावाल्यांचं भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. 1977 मध्ये निकाल लागला की निर्मात्याने पैसे मोजून गाणं करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालक निर्माता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर होते त्या खंडपीठावर. त्यांनी निकालाला जोडून स्वतःचं वेगळं टिपण लिहिलं, की गाणाऱ्याला तर आपल्या कायद्यात काहीच नाही, याकडे बघायला हवं. बघितलं मग संसदेने! 1994 मध्ये गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला थोडेसे हक्क दिले आणि नीट असं 2012 मध्ये केलं. जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी लावून धरलं. सिनेमावाले नि संगीत कंपन्या किती चिडल्या होत्या त्यांच्यावर!

आता हे नीट ऐक, भावेशला सांगायचंय तुला. त्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराने नि संगीतकाराने गाण्याचा हक्क विकला तरी पुढे जी रॉयल्टी येईल तिचा निम्मा वाटा त्यांचाच. जमीन विकली तरी आंब्याचा अर्धा वाटा तुझ्याकडे राहावा, तसं. आणि तो वाटा नको म्हणून लिहून दिलं तरी ते चालत नाही. सोडायचाच तर वारसाला किंवा आयपीआरएससारख्या संस्थेकडे, कंपनीला नाही. भावेशच्या कागदात 'रॉयल्टीवर कोणताही दावा करणार नाही' असं ठळक टायपात लिहिलंय. लिहू दे.

तेच त्या 'उद्या निघतील त्या माध्यमां'चं. जे माध्यम करार करताना नव्हतंच, त्याचा कागदात नाव घेऊन उल्लेख नसेल तर त्याला करार लागू होत नाही. सगळी म्हणून मोघम खरडलं की भागत नाही. मुदतीचं मात्र त्यांनी पक्कं केलंय. मुदत लिहिली नसती तर कायद्याने पाचच वर्षं धरली असती, म्हणून तर 'कायमचं' लिहून घेतलं. वकील त्यांचाही झोपलेला नाही.

मग पैसे का आले नाहीत? अगं, येणार कुठून! शब्द नि चालीचे आयपीआरएसमार्फत येतात, गाणाऱ्याचे इस्रा म्हणून सुरू झालेल्या गायकांच्या संस्थेमार्फत. आपला पठ्ठ्या दोन्हीकडे सभासद नाही. त्याला वाटलं, कंपनी आपणहून पाठवेल. कंपनी! चहाला आली तेव्हा तुझे बोंबील खाऊन गेली आणि डबा भरूनही घेऊन गेली, ती पाठवेल.

आणि यातली खरी थट्टा तर पुढेच आहे. वडखळपासून रेवदंड्यापर्यंत या मोसमात एक हळद नसेल जिथे भावेशचं गाणं वाजलं नाही. डीजेवाले वाजवतात, ब्रासबँडवाले वाजवतात, परवा नवरदेवाची आजी नाचली त्यावर. तुला वाटत असेल, निदान तिथला काहीतरी आकडा जमत असेल कुठेतरी. छे! लग्नकार्याला कायद्यातच सूट आहे. वरात, हळद, संगीत, कुठेही वाजवा, परवानगी नको की पैसे नकोत. एरवी मी त्या सुटीच्या बाजूची आहे. गरिबाने मुलीच्या लग्नात कुणाकुणाची पावती फाडायची? पण हळदीचं गाणं लिहिणाऱ्याची गत बघ, जिथे वाजतं तिथे फुकट, आणि यूट्यूबवर पैसे येतात तिथे कंपनी बसलेली.

काय म्हणालीस? आता गणपतीचं गाणं मागतोय? तोच, कंपनीचा पांढऱ्या शर्टातला माणूस? आणि भावेश अर्धं लिहून बसलाय? अगं मग आधी का नाही बोललीस! म्हणजे कागदही तोच असणार, फक्त वरचं नाव बदललेलं. बघ, सोमवारी अलिबागला माझ्या ओळखीच्या वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे जाऊ तिघं. जुना कागद घे, पैसे बँकेत आले त्या पानाची झेरॉक्स घे, आणि क्लेम आला तो मेसेज फोनमधून पुसू नको म्हणावं. चाल मोबाइलवर पहिल्यांदा गुणगुणून ठेवली होती ना त्याने? तीही असू दे तशीच, तारखेसकट.

आणि तोवर त्या माणसाचा फोन आला तर भावेशला उचलू देऊ नकोस. तूच उचल. म्हण, शेजारच्या काकी वाचतायत अजून.