एक्स्फ्जोय्ह गावचे रहिवासी

मोरिवलीकरांनी नामांतरविरोधी आंदोलनाची तयारी ठेवावी. कृतिदेव फॉन्टात टाइप केलेली नोटीस तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की आपल्या गावाचं नाव ‘ई-के-एस-एफ-जे-ओ-वाय-एच’ असं उमटतं. उच्चार ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर करावा.

गंमत अशी, की त्या फाइलमध्ये मराठी नसतंच. आत इंग्रजी ‘ई’ बसलेला असतो, फॉन्ट त्याला ‘म’चा मुखवटा चढवतो. श्रीलिपी या दुसऱ्या फॉन्टचे मुखवटे आणखी वेगळे. त्यामुळे या टेबलावरचं मराठी त्या टेबलाला कळत नाही. सरकारी कामकाजाला इतकी साजेशी व्यवस्था कुणी मुद्दाम आखूनही जमली नसती.

युनिकोड या जागतिक संकेतावलीने १९९१ सालीच पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचं स्वतंत्र आवार दिलं. ‘म’ला कायमचा पत्ता मिळाला. पण पत्ता बरोबर आहे म्हणून टपाल पोचलंय, असं आपल्याकडे कधी झालंय? यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवणपद्धतीत ‘म’ तीन बाइटांत साठवतात. ते बाइट जुन्या पाश्चात्त्य संकेतावलीने वाचले, की पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ए’ येतो, मग चलनाचं चिन्ह आणि शेवटी वर्तुळातला ‘आर’. म्हणजे मराठीतला ‘म’ परस्पर नोंदणीकृत ट्रेडमार्क! तरी हे परवडलं. बाइट शाबूत असतात, संकेतावली बदलली की ‘म’ घरी येतो. मजकूर साठवतानाच अक्षरं प्रश्नचिन्हं झाली, तर मात्र मूळ मजकूर गेलाच. (अर्ज केल्यावर ओळभर प्रश्नचिन्हं आली, तर निदान दोन्ही बाजूंचं एकमत झालं म्हणायचं.)

शिलाहार राजांना संगणकाची ही सोय नव्हती. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके ९८२चा, म्हणजे १०६० सालचा लेख त्यांनी सरळ दगडात कोरला. मामवाणी राजाच्या नावाला कुठला फॉन्ट लागला नाही.

आपल्या कार्यालयांनी तेच तंत्र कागदावर आणलंय. पत्र टाइप करायचं, छापायचं, गोल शिक्का मारायचा, मग स्कॅन करून किंचित तिरकं संकेतस्थळावर चढवायचं. फॉन्ट लागत नाही. शब्द टाकून शोधायला जावं, तर काही सापडत नाही. माहिती जाहीरही झाली आणि सुरक्षितही राहिली!

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचं परिपत्रक असंच तिरकं येईल. विषय: संगणकावर मराठीचा वापर वाढवणे. सोबतचा अर्ज इंग्रजी कॅपिटल अक्षरांत भरावा.