दोन सुताचा बोल्ट

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्यानं काढली, त्याच्याकडे नक्की डीएसएलआर असणार. माझा कॅमेरा सेकंडहँड. तो घेतला तेव्हा घरात जाहीर केलं होतं की आता यापुढे खर्च नाही. बायको तेव्हा काही बोलली नाही. नुसती हसली.

आठवडाभरात मी फिल्टर घ्यायला निघालो. लेन्सच्या काचेवर ओरखडा पडू नये म्हणून पुढे एक साधी काच लावायची, ती म्हणजे यूव्ही फिल्टर. दुकानदारानं विचारलं, "किती एमएम?" मी लेन्सकडे पाहिलं. तिच्यावर १८–५५ लिहिलेलं. अठराचा फिल्टर म्हणजे कोटाच्या बटणाएवढा झाला असता, तेव्हा मी विद्वानासारखं "पंचावन्न" म्हणालो. घरी येऊन लावतो तर फिल्टर लेन्सवर बसेना, नुसता गोल फिरत राहिला. १८–५५ हे लेन्सचं फोकल लेंग्थ असतं. तोंडाचा व्यास वेगळा लिहितात आणि त्याच्याआधी तिरका छेद दिलेलं शून्य असतं. माझ्या लेन्सवर ते होतं ५२. ते मला छपाईतली चूक वाटलं होतं.

फिल्टर परत घेणार नाहीत, असं बिलावर लिहिलेलंच होतं. मग ५२ला ५५ जोडणारी रिंग घेतली, दीडशे रुपयांना. म्हणजे अॅक्सेसरीची अॅक्सेसरी. नंतर हजार रुपयांचा ट्रायपॉड आला. तो इतका हलका होता की पंखा लावला की आपण होऊन पोझ बदलायचा.

हा सगळा संसार घेऊन मी रहिमतपूरला निघालो. तिथं मावशी असते, आणि तिथं रणदुल्लाखानाचा मकबरा आहे. विजापूरच्या आदिलशाहीचा हा सरदार. १६३८ साली शहाजीराजांना बरोबर घेऊन यानं बंगळूर जिंकलं. एवढ्या मोठ्या माणसाचा फोटो मोबाइलवर काढणं मला पटेना. शिवाय आत अंधार, म्हणजे शटर सेकंद-दोन सेकंद उघडं ठेवायला हवं, आणि तेवढा वेळ माझा हात स्थिर राहत नाही.

पुण्याहून पॅसेंजरनं निघालं की जेजुरी, नीरा, लोणंद करत गाडी आदर्कीच्या घाटात शिरते. बोगदा आला की डब्यातली पोरं किंचाळतात. मी मात्र अंधारासाठी कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवायचा सराव करत होतो. समोरच्या आजींनी विचारलं, "लग्नाचं काम करता का?" नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला आणि त्या शेंगा सोलू लागल्या. वाठार गेलं, सातारा गेलं, कोरेगाव आलं आणि मी ट्रायपॉड तपासायला काढला. तेव्हा कळलं की त्याची प्लेट घरीच राहिली आहे. प्लेट म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला लावून ट्रायपॉडच्या डोक्यात अडकवायची चौकोनी चकती. ती नसेल तर ट्रायपॉड म्हणजे नुसतं तिकाटणं.

मावशीच्या घरी चहा होईपर्यंत माझा चेहरा पाहून काका म्हणाले, "एवढंच ना? हार्डवेअरच्या दुकानात जाऊ." मी पुणेरी दयेनं हसलो. हे गाव नाटककार वसंत कानेटकरांचं जन्मगाव, त्यामुळे इथल्या माणसांना प्रसंग रंगवता येतो हे मला ठाऊक होतं. पण हार्डवेअरच्या दुकानात फोटोग्राफी?

दुकानात खिळ्यांचा, दोरखंडाचा आणि पेंटचा एकत्र वास. मालकांनी कॅमेरा उलटा करून त्याच्या बुडाच्या भोकात डोळा घातला.

"सीसीटीव्ही बसवताय व्हय? मग गिट्ट्या लागतील."

"नाही हो, फोटो काढायचेत."

"मग भिंतीला कशाला लावताय?"

काकांनी मध्ये पडून उलगडा केला. मालकांनी मागच्या खणातून मूठभर बोल्ट काढले, एक निवडला आणि भोकात टेकवून हळू फिरवला. तो लोण्यासारखा आत गेला.

"दोन सुताचा," ते म्हणाले. "इंचाला वीस आटे. नेहमीचाच आहे."

मी चाटच पडलो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच. जगातल्या बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांच्या बुडाला जे भोक असतं ते हेच, पाव इंची आणि वीस आट्यांचं. मोठ्या ट्रायपॉडला जो जाड स्क्रू असतो तो तीन आठवे इंच, म्हणजे तीन सुती. एवढी सगळी आंतरराष्ट्रीय मापं रहिमतपूरच्या मिस्त्रीच्या तोंडी रोज असतात, आणि मी छापील माहितीपत्रकं वाचून ५५ आणि ५२मध्ये दीडशे रुपये घालवले होते. याच लोहमार्गावरून पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून अख्खा सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. मला एक बोल्ट ओळखता येत नव्हता.

"पण सगळा आत पिळू नका," मालक म्हणाले. "लांब बोल्ट आत गेला तर यंत्राचं पोट फाडंल." त्यांनी वर एक नट चढवून ठेवला, म्हणजे चार-पाच मिलिमीटरच आत जाईल. बोल्टच्या डोक्याला सुतळी बांधून दिली. सुतळीचं दुसरं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ताणून धरायचा. ताणामुळे हात हलत नाही. बोल्ट, नट आणि सुतळी मिळून चहापेक्षा थोडे जास्त पैसे झाले. काकांनी तेही मला देऊ दिले नाहीत.

सुतळीनं मकबऱ्याच्या दारातले फोटो झकास आले. आत मात्र काही जमेना. दोन सेकंद म्हणजे दोन सेकंद. सुतळी ताणून माणूस तेवढा वेळ उभा राहिला तर त्याचाच पुतळा होतो. शिवाय मघापासून पायाखाली सुतळी धरून असल्यामुळे मला पाहायला पाच-सहा पोरं जमली होती. "काका, पतंग उडवताय का?" एकानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मावशीला अडचण सांगितली. कॅमेरा टेकवायला मऊ, जड पिशवी हवी; इंग्रज लोक तिला बीन बॅग म्हणतात, म्हणालो.

"बीन म्हंजे?"

"घेवडा."

मावशीनं फडताळातून कापडी पिशवी काढून पुढ्यात ठेवली. दोन किलो वाघ्या घेवडा, कोरेगावच्या मातीतला, भौगोलिक मानांकन मिळालेला. "उद्याच्या उसळीचा आहे. एक दाणाही सांडू नको," असं बजावलं.

बाजारात बीन बॅग रिकामी विकतात आणि भरायचं काय ते तुमच्यावर सोडतात. थर्माकोलचे दाणे हलके म्हणून कॅमेरा डुलतो, वाळू जड आणि शिवण उसवली की लेन्सचा काळ. घेवडा या दोहोंच्या बरोबर मधला: दाणे एकमेकांवर सरकतात, कॅमेऱ्याभोवती बसतात आणि हलत नाहीत. आडवा-उभा, वर तोंड, खाली तोंड, जसं ठेवाल तसं. मकबऱ्यातल्या माणसाची परवानगी घेऊन आतल्या फरशीवर पिशवी ठेवली, कॅमेरा तिच्यात रुतवला, आयएसओ शंभर, एफ आठ, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि मी मागे सरलो. टायमर असल्यामुळे रिमोटचेही चारशे रुपये वाचले. चौथ्या खेपेला कमानीखालचा अंधार आणि उजेड दोन्ही एकाच फोटोत आले. रणदुल्लाखान दीनवाणा दिसला नाही, मीही दिसलो नाही.

एकच नुकसान झालं. लेन्सचं टोपण हरवलं. परतताना सगळी वाट धुंडाळली. पोरांनाही कामाला लावलं, एकाला चॉकलेट कबूल केलं. नाहीच. आता पुण्यात नवं घ्यायचं, आणि या वेळी माप विचारलं तर ठणकावून सांगायचं, असं ठरवलं.

रात्री मावशीनं घेवडा भिजत घातला. सकाळी मी बॅग भरत असताना ती ओला हात पदराला पुसत बाहेर आली. दुसऱ्या हातात काळं, गोल, पाणी निथळणारं काहीतरी होतं.

"हे कुठल्या बरणीचं झाकण रं?" ती म्हणाली. "आतून बावन्न लिहिलंय."