वटवाघूळ चालतं, मेणबत्ती नाही

वटवाघळाचा माणूस होतो, याला माझी काही हरकत नाही. तो माणूस शंभर वर्षं पेटीत निजून उठला तरी त्याच्या झग्याची इस्त्री मोडत नाही, तेही मी सोडून देतो. पण आधीच्या शॉटमध्ये बोटभर उरलेली मेणबत्ती पुढच्या शॉटमध्ये वीतभर झाली, की मी ताडकन उठून बसतो. "बघितलं? बघितलं का?" घरातले तोवर उशीत तोंड खुपसून बसलेले असतात, त्यांनी काहीच बघितलेलं नसतं. मग मी सिनेमा मागे नेऊन पुराव्यासकट दाखवतो. नायिकेच्या मानेत सुळे रुतायच्या ऐन वेळी आमच्या घरात मेणबत्तीचं मोजमाप चाललेलं असतं.

पेशानं मी शिक्षक. सगळी हयात लाल शाईवर चालली, त्यामुळे रक्तपिशाच्चांबद्दल मला थोडी आपुलकीही आहे. वारंगा फाट्यावर खिचडी खाता खाता मी 'कंटिन्यूइटी' हा शब्द शेजारच्या टेबलापर्यंत जाईल इतक्या बेतानं उच्चारतो. ऐकणारा कढीची वाटी तोंडाला लावून "हो का सर" म्हणतो आणि मला वाटतं, मुंबईनं एक मोठा माणूस गमावला. बायकोचं मत वेगळं आहे. "अहो, मेलेला माणूस उडतोय ते पटतं तुम्हाला, आणि मेणबत्तीवर अडता?" याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मी आवाज वाढवतो.

आता 'बंद दरवाजा'. १९९० सालचा, तुलसी आणि श्याम रामसे यांचा. काली पहाडीवरचा नेवला हे रक्तपिशाच्च, मूल होत नाही म्हणून त्याच्या दारी जाणारी ठाकुराची बायको, मुलगी झाली तर ती त्याची हा करार, ठाकूर विजयेंद्र घाटगे, आणि नेवला झालेला अनिरुद्ध अगरवाल. हा गृहस्थ रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर होता. हे कळल्यापासून मला त्याची भीती वाटायची थांबली आणि त्याच्या हवेलीच्या बांधकामाकडे लक्ष जायला लागलं.

आम्ही तो भाड्याच्या व्हिडिओवर पाहिला. ती कंटिन्यूइटी तर जगात कुणालाच सांभाळता आली नसती. लाइट जायची ती नेमकी कुणाच्या तरी नरडीवर हात पडला की. तासाभरानं यायची. मग व्हिडिओवाला 'कुठवर आलतं?' असं गर्दीला विचारायचा. गर्दीत दोन पक्ष. एक म्हणायचा, म्हातारा मेला होता. दुसरा म्हणायचा, म्हातारा अजून दार उघडायचाय. व्हिडिओवाला दोघांचा मान राखून कॅसेट भरपूर मागे न्यायचा आणि मेलेला म्हातारा पुन्हा दार उघडायला निघायचा. पुन्हा लाइट जायची. एका रात्रीत त्या म्हाताऱ्यानं जितक्यांदा जीव दिला, तितक्यांदा नेवल्यानंही दिला नसेल. झोपून मध्येच उठलेली पोरं तिसराच सिनेमा पाहायची आणि सकाळी शाळेत तोच खरा म्हणून भांडायची. कॅसेटही इतकी झिजलेली, की पडद्यावर भूत आधी यायचं आणि त्याची किंकाळी मागून.

चुका शोधायच्या या छंदाच्या जोरावर मी बाहेरदेशांतही लाल पेन घेऊन फिरलो. १९३१ चा बेला लुगोसीचा ड्रॅक्युला घ्या. ट्रान्सिल्व्हेनियातला वाडा, जाळी-जळमटं, आणि त्यात चक्क आर्माडिलो फिरतात. हा प्राणी अमेरिका खंडातला, युरोपात तो कोणत्या गाडीनं आला हे सिनेमा सांगत नाही. त्याहून मोठी गंमत १९२२ च्या 'नोस्फेराटू'ची. उन्हानं पिशाच्च मरतं ही रीत याच जर्मन मूकपटानं पाडली. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या हिंडतो. पण दिग्दर्शक मुर्नाऊनं रात्रीचे प्रसंग उजेडात घेतले आणि रात्र वाटावी म्हणून फिल्म निळी रंगवली. पुढे निळाई नसलेल्या प्रती फिरल्या. त्यांत या सिनेमातलं पिशाच्च, काउंट ऑरलॉक, स्वतःची शवपेटी काखेत मारून, शेवटची एसटी चुकलेल्या पाहुण्यासारखा, भर उन्हात गाव ओलांडतो. तरी जर्मनीचं ऊन ते. त्याला मे महिन्यात दुपारी आमच्या फाट्यावर उभा करायला हवा होता. खुंटा ठोकायचे कष्ट वाचले असते.

रामसेंवर मात्र माझं पेन तितकंसं चालत नाही. त्यांचे वडील कराचीत रेडिओचा धंदा करायचे, फाळणीनंतर मुंबईत आले. १९७० च्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी'मध्ये मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूरला पाहून प्रेक्षक घाबरतात, हे मुलांनी हेरलं. सिनेमा पडला, धंदा सापडला. पुढे 'दो गज जमीन के नीचे'साठी सगळं कुटुंब महाबळेश्वरला गेलं. भाऊ सात. कॅमेरा गंगूकडे, ध्वनी किरणकडे, संकलन अर्जुनकडे, लेखन कुमारकडे, बाकीचं उरलेल्यांकडे, आणि स्वयंपाक घरच्या बायकांकडे. मेणबत्तीकडे बघायला घरात आठवा भाऊ नव्हता, याला कोण काय करणार?

हे सगळं मी आत्याला सांगत होतो. ती कळमनुरीहून आली होती आणि आल्यापासून धुसफुसत होती. नेहमी फाट्याअलीकडचा कडुनिंब दिसला की ती पिशवी उचलायची, चपलेत पाय घालायची, फाटा येईतो दाराशी पोचायची. रस्ता चारपदरी झाला. कडुनिंब गेला. आत्या निंबाची वाट पाहत बसली, बस फाटा ओलांडून पुढे गेली, आणि ती उतरली ती दुभाजकाच्या भलत्या बाजूला. सत्तरी ओलांडलेली बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ट्रकांच्या रांगेपुढे उभी.

"निंब कुठं गेला रे?" तिनं मला विचारलं. जणू मी तो मेणबत्तीसारखा कुठं चुकून ठेवून आलो होतो.

मला खरंच राग आला. आधीच्या फेरीला झाड होतं, पुढच्या फेरीला नाही, आणि मधलं रीळ कुणी कापलं हे सांगायला कुणी नाही. रस्ता चांगला झाला, नांदेड जवळ आलं, मान्य. पण म्हातारीनं उतरायचं कुठं, हे त्या नकाशात कुणी लिहिलं होतं का? सिनेमातल्या चुका शोधणारे आम्ही ढीगभर. ही चूक दाखवायला मागे नेता येईल असं बटण कुणाकडेच नाही.

आत्याला माझ्या रागाचं काही नव्हतं. पाणी पिऊन ती म्हणाली, "औंढ्याला नंदी कुठाय?"

"मागच्या बाजूला."

"म्हादेवाच्या म्होरं पाह्यजे का नको? मग लिही की तुज्या वहीत. चूक म्हणून."

औंढा नागनाथाची कथा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. नामदेवांना कीर्तनाला समोर उभं राहू दिलं नाही, ते देवळामागे जाऊन गायले, तर देऊळच त्यांच्याकडे वळलं. नंदी राहिला जिथल्या तिथं. आत्याच्या हिशेबानं देवानं आदला शॉट पाहिलाच नाही, कारण तो ऐकत होता. मी वही काढली नाही. तिला औंढा नागनाथात आर्माडिलो सापडला असता तरी तिनं त्याला कथा जोडून दिली असती.

रात्री मुलाच्या मोबाइलवर आम्ही 'बंद दरवाजा' लावला. आत्या पुढे सरकून बसली. मला मात्र नेवल्याच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, एक ज्योत संशयास्पद वाटायला लागली. मुलगा घाबरून मला चिकटला होता. मी बोट पडद्याकडे नेलं.

"हात काढ," आत्या म्हणाली. "त्याला नीट मरू दे."