उजवीकडची खिडकी

मु. जबलपूर, उत्तर तट

वातानुकूलित परिक्रमावासी बंधुभगिनींस,
कृतानेक नर्मदे हर!

पत्रास कारण की, दर हिवाळ्यात पुणे, ठाणे, नाशिक इकडून निघालेली आपली बस आमच्या गावात येते. पुढच्या काचेवर नर्मदा परिक्रमेचा फलक, आत पुशबॅक खुर्च्या, मागे आचारी आणि पिठलं-भाताची भांडी. १९५६ मध्ये नागपूरचं हायकोर्ट जबलपूरला आलं, त्याच्यामागे आमच्यासारखी काही मराठी बिऱ्हाडंही आली. तेव्हा माहेरच्या माणसांचं स्वागत करणं आमचं कर्तव्यच आहे. त्या कर्तव्यापोटी चार कौतुकाचे शब्द.

प्रथम आपल्या वेगाचं. पूर्वी परिक्रमेला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागत. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत नदी सुमारे १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ धरून अडीच हजारांच्या वर. आपण हे सारं दोन-तीन आठवड्यांत आटोपता, आणि त्यातही खरेदीला वेळ काढता. मार्कंडेय ऋषींनी तर म्हणे प्रत्येक उपनदीलाही वळसा घातला होता. त्यांच्याकडे सहलीचं वेळापत्रक नव्हतं, त्याला कोण काय करणार?

दुसरं कौतुक नियमनिष्ठेचं. नदी सदैव उजव्या हाताला हवी, म्हणून उजवीकडच्या खिडक्यांसाठी आपल्यात पहाटे जी चुरस लागते, ती आम्ही पाहिली आहे. त्या खिडकीतून बहुतेक वेळ ढाबे, टोलनाके आणि गव्हाची शेतं दिसतात, कारण हमरस्ता नदीपासून कोसभर लांबून जातो. पण उजवी बाजू ती उजवीच! डावीकडच्यांच्या वाट्याला काय येतं, हे आयोजकांनी एकदा लेखी कळवावं.

तिसरं कौतुक शास्त्रार्थाचं. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नाही. ओंकारेश्वरचं मंदिर नदीतल्या मांधाता बेटावर आहे, म्हणून परिक्रमा पुरी होईपर्यंत तिथलंही दर्शन नाही. पायी जाणारे बिचारे समुद्राशी विमलेश्वरला भरतीची वाट पाहत बसतात आणि मग होडीतून समुद्रावाटे पलीकडच्या मिठी तलाईला उतरतात. काही बसगाड्यांना भरूचचा पूल पावतो. भेडाघाटला तर धुवांधार धबधब्यावरून पलीकडच्या काठाला नेणारा रोपवे आहे. पाणी ओलांडू नये, हवा ओलांडायला हरकत नाही, हा निर्णय आपण तिकिटाच्या रांगेत उभ्या उभ्या दिलात. काशीच्या पंडितांना याला एक चातुर्मास लागला असता.

आता तुम्ही म्हणाल, जुनी वाट तरी कुठे राहिली आहे? खरं आहे. आमच्याच उशाला बरगी धरण आहे. १९९० मध्ये ते पूर्ण झालं आणि १६२ गावांना त्याची झळ बसली. पायवाटा, घाट, सदाव्रताच्या ओसऱ्या पाण्याखाली गेल्या. खाली सरदार सरोवरात शूलपाणीच्या झाडीचंही तेच झालं. आज पायी चालणाऱ्यालाही कितीतरी मजल डांबरावरून मारावी लागते. शिवाय गुडघे आहेत, रजा आहेत, नातवंडांच्या परीक्षा आहेत. बसला आमचा विरोध नाही. उलट आमची तक्रार अशी, की बस कशासाठी वापरायची हे तुम्हाला नीट उमगलेलं नाही.

आमच्या गावात अमृतलाल वेगड नावाचे चित्रकार होते. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंकडे शिकलेले, इथल्या कला निकेतनात शिकवणारे. ऑक्टोबर १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते जबलपूरहून मंडल्याकडे काठाकाठाने चालत निघाले. संसार सोडला नाही, नोकरी सोडली नाही. सवड मिळाली की एक टप्पा चालायचा, घरी परतायचं, पुढच्या खेपेला नवा टप्पा धरायचा. अशी खंड-परिक्रमा त्यांनी अनेक वर्षं केली. पुढे पत्नी कांताबाईही सोबत चालल्या. त्या चालण्यातून चित्रं निघाली, हिंदी आणि गुजराती पुस्तकं निघाली, साहित्य अकादमीचा पुरस्कार आला. काठ पायांसाठी आणि गाडी घरी परतण्यासाठी, एवढी साधी ती वाटणी. आपण ती उलटी केलीत: काठाला गाडी आणि हॉटेलच्या जिन्याला पाय.

म्हणून एक नम्र सूचना. पुढच्या वेळी आयोजकाला न सांगता एकटेच या. नागपूरहून बस मिळते, मुंबईहून रेल्वे. शहरातून मिळेल त्या बसने किंवा टमटमने भेडाघाट गाठा. तिथून नदी उजवीकडे ठेवून वरच्या अंगाला चालू लागा. आधी लम्हेटा घाट लागेल; डायनोसॉरच्या हाडांसाठी जगभर ठाऊक असलेल्या ‘लमेटा’ खडकांना याच घाटाचं नाव आहे. मग तिलवारा. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसला तापाने फणफणलेले सुभाषबाबू इथेच स्ट्रेचरवरून आले होते, आणि १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी याच पाण्यात सोडल्या गेल्या. पुढे ग्वारीघाट. थकलात तर मधल्या कुठल्याही घाटावरून रस्त्याला लागा, शेअर रिक्षात गुडघे दुमडून बसा आणि शहरात परता. उरलेला टप्पा पुढच्या रजेत. नदी पळून जात नाही.

यात प्रमाणपत्र मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ग्रुप फोटोही नाही. चहा मात्र मिळेल, आणि देणारा ‘कहाँ से आ रहे हो?’ असं विचारेल. त्याला पुणे सांगू नका, मागचा घाट सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक उत्तरतटवासी

ता. क. — खुर्चीत बसून पुण्य लागतं हे एकदा मान्य केलं, तर आपल्या बसचा ड्रायव्हर कोणत्या पदाला पोहोचला असेल? हिवाळ्यात कितीतरी परिक्रमा, आणि त्याची खुर्ची कायम उजवीकडे. पाया पडायचंच असेल तर त्याच्या पडा. आणि तो जेवायला बसला असेल, तर हॉर्न वाजवून त्याला बोलावू नका.