उचलायला चार, सांगायला चाळीस

माझ्या साळेबुवांच्या मते स्टँडर्ड हेराल्ड ही स्पोर्ट्स कार आहे. त्यांच्याशी वाद घालणं कठीण, कारण त्यांच्याकडे पुरावा आहे आणि तो खरा आहे. हेराल्ड इंग्लंडात १९५९ साली निघाली, तिचं रूप मिकेलोट्टी नावाच्या इटालियन माणसाने रेखाटलेलं. पुढे १९६२ मध्ये तिचीच चेसिस आखूड करून ट्रायम्फ स्पिटफायर ही उघड्या टपाची, दोघांपुरती गाडी आली, तीही त्याच मिकेलोट्टीच्या हातची. "थोरली कुस्ती खेळली नाही म्हणून घराणं पैलवानाचं नाही का, भाऊजी?" असा त्यांचा सवाल. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने बांधलेल्या हेराल्डी दवाखाना ते बंगला यापलीकडे कोणती शर्यत धावल्या, हा माझा सवाल. तो मी मनातच ठेवतो. सासुरवाडीला जेवायचं असतं.

तर या घराण्यातली एक बाई मूर्तिजापूरला, त्यांच्या जुन्या वाड्याच्या गोठ्यात बसून होती. इंजिन, काचा, सीटा, वायरी, दरवाजे, सगळं उतरवून झालेलं. चेसिस आधीच बडनेऱ्याच्या गॅरेजात पोचलेली. उरला तो नुसता पत्रा: फरशी, मागची बाजू, चार खांब आणि वर टप. हा पत्रा चेसिसच्या भेटीला न्यायचा होता. "हलका आहे हो, चौघांचं काम," साळेबुवा म्हणाले. तेही खरंच होतं. फक्त एखादी वस्तू चौघांनाच उचलू देतील, असं हे गाव नव्हे.

पहिली आडकाठी मिस्त्रीची. "कोनं हात लावू नका बाप्पा! दरवाजे काढले का ईचं तोंड मिटते."

म्हणजे काय, हे समजायला १९५३ सालात जावं लागतं. गाड्यांच्या बॉड्या करणारा फिशर अँड लडलो हा कारखाना त्या साली बीएमसी या प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला. स्टँडर्ड-ट्रायम्फवाल्यांना अख्खी बॉडी ठोकून देणारं कोणी उरेना. मग त्यांनी लहान लहान कारखान्यांतून वेगवेगळे भाग करून घेतले आणि ते नट-बोल्टांनी जोडले. बाकीचं जग एकसंध बॉडीकडे वळत असताना हेराल्ड आपली जुन्या चालीच्या चेसिसवर बसलेली. त्यामुळे बळ सगळं खालच्या लोखंडात. दरवाजाखालची पट्टी इतर गाड्यांत भार पेलते. हिच्यात ती बोल्टावर लटकलेली शोभा आहे. चेसिस काढा, दरवाजे काढा, आणि पत्रा मधून उचला: फरशी वाकते, दोन खांब एकमेकांकडे झुकतात. नंतर दरवाजा बसवायला जावं तर जागाच नाही.

म्हणून मिस्त्रीने दोन्ही दरवाजांच्या पोकळीत अँगलचे तुकडे आडवे-तिरपे वेल्ड केले. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुतळी धरून दोन्ही कर्ण मापले. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढा फरक त्याला चालणार नव्हता. आमच्या सोयरिकीत कोणी इतकं मोजून पाहिलं असतं तर माझं लग्न जमलं नसतं.

तोवर अंगणात माणसं जमली होती. चालत्या गाडीबद्दल बोलायला माणसाला थोडी तरी माहिती लागते. रिकाम्या पत्र्याबद्दल बोलायला काहीच लागत नाही. एकाने ठरवलं, हे गणपतीच्या देखाव्याचं सामान आहे. एका आजोबांनी विचारलं, "शकुंतलेवर टाकून काहून नाई नेत?" शकुंतला ही रेल्वेगाडी यवतमाळला जायची आणि अचलपूरला जायची, बडनेऱ्याला नाही, शिवाय ती बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण सत्तर वर्षं मँचेस्टरच्या वाफेच्या इंजिनाने ओढलेल्या गाडीवर आजोबांचा जो विश्वास होता, तो आमच्या पिकअपवर नव्हता.

पिकअपही सहज ठरली नाही. आधी छोटा हत्ती बोलावला होता. त्याचा हौदा रुंदीला पाच फुटांहून जरा कमी, हेराल्ड बरोबर पाच फूट. हत्ती भाडं न घेता, पण चहा घेऊन परत गेला.

खरी गंमत वाड्याच्या दरवाजात झाली. तो साडेचार फूट. गाडी ज्या मागच्या फाटकातून आत आली, ते केव्हाच विटांनी बुजवलेलं. उपाय एकच, पत्रा कुशीवर करायचा. कुटाराची पोती अंथरली, फरशीखालून दोन बल्ल्या घातल्या. मिस्त्रीने बजावलं, काचेच्या खांबाला धरायचं नाही, टपाला तर नाहीच. जिथे चेसिसचे बोल्ट बसतात तिथेच हात. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि निम्म्यांनी टप धरला. "उचला बे!" अशी आरोळी तिघांनी दिली, तिन्ही वेगवेगळ्या वेळी. उचलणारे शेवटी चारच होते. उरलेले "डावीकडं घ्या" म्हणत होते, दरवाजाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून, त्यामुळे डावीकडं दोन होती.

तरी निघाली. पिकअपमध्ये पोत्यांवर बसली, फरशीतून नाडे ओवून चारी कोपऱ्यांना आवळली. माना गाव सुटल्यावर रस्ता असा लागला की पाण्याचा पेला ठेवावा. जून २०२२ मध्ये याच अमरावती ते अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनेस विक्रम झाला. आधीचा विक्रम कतारचा होता. हे ७५ किलोमीटर एका पदराचे, दोन पदरी हिशेब केला तर साडेसदतीस. वऱ्हाडी माणूस हा हिशेब सहसा करत नाही. मीही चालकाला सांगितला नाही. तो अभिमानाने चाळीसच्या वर चढवत होता आणि मागून मिस्त्री टपावर थापा मारत होता.

त्या थापा ऐकूनच बहुधा पोलिसाने हात केला. कागद मागितले. आरसी पुस्तकात दोन नंबर: एक चेसिसचा, एक इंजिनाचा. चेसिस बडनेऱ्याला, इंजिन गोठ्यात. समोर होतं ते कायद्याच्या दृष्टीने काहीच नव्हतं. त्यांनी पुस्तक पाहिलं, पत्रा पाहिला, वाकून रिकाम्या पुढच्या बाजूतून आरपार मागचा रस्ता पाहिला. आता पावती फाटणार, असं मी धरून चाललो.

"अ‍ॅव्हरेज किती देते?" त्यांनी विचारलं.

"गॅलनला पस्तीस," साळेबुवा ताठ होऊन म्हणाले. "स्पोर्ट्स कार आहे."

पोलिसाने बोटांवर गॅलनचे लिटर केले. "मंग काई खास नाई," म्हणाले आणि पुस्तक परत दिलं.