चार हातांचा विठोबा

देवांमध्ये सोंग घ्यायला सगळ्यात अवघड कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून विठोबाचं नाव घेईन. गणपतीला सोंड आहे, मारुतीला शेपूट आहे, कृष्णाला बासरी नि मोरपीस आहे. एवढी एक वस्तू लावली की काम झालं. पोरगं पुढे रडो नाहीतर लोळो, बघणारा ओळखतो. विठोबाला यातलं काही नाही. त्याला नुसतं उभं राहायचं असतं. पाय जुळवायचे, हात कमरेवर ठेवायचे, समोर बघायचं आणि बाकी काहीही करायचं नाही. दगडाला हे जमतं. अकरा महिन्यांच्या बाळाला काहीही करू नकोस म्हणून सांगून बघा.

आमच्या नातीच्या पाळणाघरातून आषाढीच्या आधी निरोप आला, मुलांना विठ्ठल, रखुमाई किंवा वारकरी करून पाठवा, छोटी दिंडी काढायची आहे. चिमीला अजून चालता येत नव्हतं, पण दिंडी कडेवरूनही निघू शकते, असं तिथल्या ताईंचं म्हणणं. सुनेने भाड्याच्या पोशाखांची चौकशी केली. त्यांच्याकडचं सगळ्यात लहान माप तीन वर्षांच्या विठोबाचं. शिवाय जरी अशी टोचरी की देवसुद्धा कमरेवरचा हात काढून पाठ खाजवेल. मग सून माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही शिवता ना?"

शिवतो. एसटीच्या वर्कशॉपात सीटांची कव्हरं शिवण्यात माझी नोकरी गेली. अर्धा महाराष्ट्र माझ्या टिपेवर बसून गेलाय म्हणा ना. पण ते काम रेक्झिनचं. जाड सुई, जाड दोरा, आणि मुख्य म्हणजे माप घेताना सीट पळून जात नाही.

"मुलगी आहे, रखुमाई करा की," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी फाळक्यांना मध्ये आणलं. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती करायला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके नावाचा बाप्या लुगडं नेसून उभा राहिला. आणि सहा वर्षांनी 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण कुणी केला? दादासाहेबांच्या स्वतःच्या मुलीने, मंदाकिनीने. फाळक्यांना मुलगी कृष्ण म्हणून चालली, तर आपल्याला विठोबा म्हणून का चालू नये? तसंही पालखी आमच्या दापोडीवरून जाते तेव्हा मिशीवाल्या वारकऱ्यालासुद्धा आपण माऊलीच म्हणतो.

हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फाळक्यांच्या बायकोने काय काय केलं तेही सांगा ना." सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवली, वर सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला. हा विषय आपल्या अंगाशी येणार हे दिसल्यावर मी टेप शोधायला उठलो.

बाळाचं माप हा प्रकार ज्याने घेतला नाही त्याने शिंप्यांना नावं ठेवू नयेत. टेप दिसली की बाळ ती तोंडात घालतं, आणि मग आपल्याला छातीचं माप मिळतं ते दीड इंच चावलेलं. झोपलेल्या बाळाचं घ्यावं तर ते मुटकुळं करून झोपतं. वर्षाच्या आतबाहेरच्या मुलाचं डोकं आणि छाती यांचा घेर जवळजवळ सारखाच असतो, अठरा इंचांच्या आसपास. म्हणजे मानेला बेतशीर बसेल असा गळा कापला तर तो डोक्यातून खाली उतरत नाही, आणि डोक्याला पुरेल असा कापला तर दोन्ही खांद्यांवरून खाली घसरतो. यावर उपाय म्हणजे खांद्यावर उघडणारा गळा. जुन्या बायका झबल्याला मागून बंद लावत, त्यामागे हेच शास्त्र होतं. कमरेचं तर बोलायलाच नको. डायपर कोरडा असतानाची कंबर वेगळी आणि दोन तासांनंतरची वेगळी. विठोबाची कंबर म्हणजे सगळ्या मूर्तीचा जीव, आणि इथे ती दिवसातून चार वेळा बदलते. शेवटी तिचं मापात बसणारं झबलं वर्तमानपत्रावर पसरून पेन्सिलीने गिरवलं, शिलाईला अर्धा इंच सोडला आणि कमरेला नेफा करून सैल इलॅस्टिक ओवलं.

सावळ्या अंगासाठी काळं कापड आणलं तेव्हा दुसरी सुनावणी झाली. "लेकराला काळं? संक्रांत आहे का?" बरोबरच होतं. आपल्याकडे बाळाच्या अंगावर काळं चढतं ते बोरन्हाणाला. एरवी काळं म्हणजे गालावरची तीट. बोरन्हाणाचं काळं झबलं कपाटात होतं, पण जानेवारीतलं झबलं जुलैत होणार कुठून! शिवाय हलव्याचे दागिने उतरवताना पाकाचा चिकटा राहिला होता त्यावर, त्यामुळे कपाटातल्या मुंग्यांनी ते आधीच ताब्यात घेतलेलं. मी म्हटलं, अगं, पांडुरंग काळा, त्याला मी काय करू? पांडुरंगाचं नाव आल्यावर तिने हरकत मागे घेतली. पण आतून पांढऱ्या मलमलीचं अस्तर लावण्याच्या अटीवर. ती अट चांगलीच निघाली. काळ्या कापडाचा रंग जातो का, हे बघायला एक तुकडा मिठाच्या पाण्यात रात्रभर टाकला होता, सकाळी पाणी दऊतीसारखं.

पितांबराला मुलाने त्याच्या लग्नातलं सोवळं काढून दिलं. "परत लागणार नाही," म्हणाला. सुनेने हे ऐकलं आणि समाधानाने मान हलवली. पिवळं रेशीम, लाल काठ, एकदाच नेसलेलं. कातर लावली आणि दशा सुटायला लागल्या. रेशमाला कापलेली कड म्हणजे पळून जायची संधी. कडांना उरेब पट्ट्यांचा गोट घालता घालता डोळे पांढरे झाले. रेक्झिन कापलं की कापलेल्या जागी थांबतं, त्याला सरकारी शिस्त असते.

पण खरा प्रश्न हातांचा. चिमीचे हात कमरेवर ठेवले की ती ते उचलून तुमचा चष्मा ओढते. सून म्हणाली, हात ठेवून पटकन फोटो काढू. मुलगा म्हणाला, बाहीला वेलक्रो लावून कमरेला चिकटवू. बापच तो, वेलक्रो मागवायला उघडलेला त्याचा फोन आम्ही सगळ्यांनी मिळून काढून घेतला. हाताला धरून ठेवलेलं बाळ म्हणजे विठोबा नव्हे, कैदी. हात तर कमरेवर पाहिजेत आणि मोकळेही पाहिजेत. हे गणित मला वर्कशॉपच्या सवयीने सुटलं. जिथे माणूस टिकत नाही तिथे भरीव फोम घालायचा. ठरलं, विठोबाचे हात वेगळेच शिवायचे.

काळ्या कापडाच्या दोन नळ्या केल्या. अरुंद नळी शिवल्यावर सुलटी करणं हे कसबाचं काम, त्याला मी लाटण्याच्या टोकापासून चमच्याच्या दांड्यापर्यंत सगळी हत्यारं वापरली. आत जुन्या उशीतला कापूस. पंजाला चार उभ्या टिपा घातल्या की पाच बोटं झाली. कोपराच्या जागी एक आडवी टीप मारली तशी नळी बरोब्बर तिथे दुमडली आणि हात जो कमरेकडे वळला, तो बघून मी मशीनवरून उठून दोन पावलं मागे गेलो. असा ताठ, असा निश्चिंत हात! नळीचं वरचं टोक खांद्याला पक्कं शिवलं, पंजाला टिच बटणं लावून ती कमरेवर बसवली. चिमीचे स्वतःचे हात त्याच्या खालून, मुंढ्यातून बाहेर, त्यांच्यावर पिवळा शेला. दोन हात देवाचं काम करतील आणि दोन तिचं.

मुकुटाला पुठ्ठा नको, टोचतो. बकरम आणलं, त्यावर लग्नपत्रिकांचा सोनेरी कागद लावायचं ठरत होतं तेवढ्यात चिमीने नमुन्याचा कोपरा खाऊन दाखवला. तिथून पुढे एकच कसोटी ठेवली. जी गोष्ट तोंडात गेली तर आपण घाबरू, ती पोशाखावर नाही. टिकल्या गेल्या, मणी गेले, मोत्यांची लेस गेली. तुळशीची माळ हिरव्या फेल्टच्या पानांची केली, प्रत्येक पान मधोमध दुहेरी टिपेने पट्टीवर पक्कं. मकरकुंडलं म्हणजे दोन मासे. तेही फेल्टचेच, पण कानात नाही, टोपड्यालाच कानाशेजारी शिवले. मुकुटसुद्धा टोपड्यावरच उभा केला. हनुवटीखाली इलॅस्टिक लावलेला मुकुट बाळ अर्ध्या मिनिटात गळ्यात उतरवतं. बंदाचं टोपडं मात्र त्याला जन्मापासून सवयीचं. हिने बांगडीतली सेफ्टी पिन काढून "एवढी लावा हो" म्हणत पुढे केली, तीही मी परत केली. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने या पिनेचं 1849 मध्ये पेटंट घेतलं आणि चारशे डॉलरला हक्क विकून मोकळा झाला. हिच्या बांगडीतल्या पिना मोजल्या असत्या तर विकला नसता.

पंढरीचा विठोबा तसा कपड्यांच्या बाबतीत लाडावलेला आहे. उन्हाळ्यात त्याला चंदनाची उटी, थंडीत शाल आणि कानपट्टी, वसंतपंचमी ते रंगपंचमी पांढरा पोशाख. एवढं असून त्याचा लाडका भक्त, जातीचा शिंपी असलेला नामदेव, देवाला नैवेद्य भरवायला गेला, टेप घेऊन माप घ्यायला गेला नाही. यात मला त्याचं धंद्यातलं शहाणपण दिसतं. घरच्या माणसाचे कपडे शिवायला घेऊ नयेत. पैसे मिळत नाहीत, आणि कुठे सैल झालंय ते तो रोज जेवताना सांगतो.

राहिली वीट. ती मात्र माझ्या हातची. फोमचा ठोकळा, वर विटकरी रेक्झिन, कडांना दुहेरी टीप, खाली चेन. पाणी पडो, दूध पडो, आणखी काही पडो, फडकं मारलं की स्वच्छ. उभं राहता येत नसेल तर बसावं, असा विचार करून ती जरा रुंद घेतली. असली वीट असती तर देवही इतकी युगं उभा राहिला नसता.

एकादशीच्या सकाळी पोशाख चढवताना मला एक जुनी व्यवस्था पटली. पंढरपूरला पूर्वी बडव्यांच्या जोडीला देवाच्या सेवेत सात प्रकारचे सेवाधारी असत. पुजारी देवाला न्हाऊ घालून पोशाख करी, बेणारी मंत्र म्हणे, परिचारक पाणी आणी, हरिदास पदं गाई, डिंगरे आरसा दाखवी, दिवटे दिवटी धरी आणि डांगे चांदीची काठी घेऊन उभा राही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानंतर तिथले वंशपरंपरेचे हक्क संपले. आमच्याकडे त्या दिवशी सगळी पदं नव्याने भरावी लागली. सून पुजारी. गाणं म्हणायला ही. शेजारच्या काकू पाण्याची वाटी आणि रुमाल घेऊन. मुलगा फोनचा पुढचा कॅमेरा लावून आरसा दाखवत होता, कारण स्वतःचं तोंड दिसलं की चिमी स्तब्ध होते. विहीणबाई नाशिकहून व्हिडिओ कॉलवर अखंड सूचना देत होत्या, तो मंत्रच म्हणायचा. ऐन वेळी वीज गेली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या पोराने टॉर्च धरला. आणि दोरा ओवलेली सुई घेऊन उभा असलेला डांगे मी. एक माणूस कमी असता तरी देव उघडाच राहिला असता.

दिंडीत वारकरी भरपूर होते, रखुमाया चार, आणि आणखी दोन विठोबा होते. त्यातल्या एकाने कमरेवरचे हात काढून मुकुट फेकून दिला होता, दुसरा आईच्या खांद्यावर झोपला होता. आमचा विठोबा विटेवर बसला. काळे हात कमरेवर, एका बोटानेही हलत नव्हते. आणि शेल्याखालून निघालेल्या दोन गोऱ्या हातांपैकी एकात राजगिऱ्याचा लाडू होता, दुसऱ्याने शेजारच्या वारकऱ्याचे टाळ दोरीसकट ओढून घेतले होते. तो वारकरी भोकाड पसरून रडत होता. देवाने भक्ताला प्रत्यक्ष लुटल्याचा तो प्रसंग सगळ्या पालकांनी फोनमध्ये टिपून ठेवला.

"चार हात विष्णूला असतात, विठ्ठलाला दोनच," एका आजोबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "मग मोजू नका, नमस्कार करा."

त्यांनी केला. चिमीने त्यांचा चष्मा काढला.

घरी निघताना एका आईने गाठलंच. तिचा मुलगा नऊ महिन्यांचा. गोकुळाष्टमी येतेय, कृष्णाला बासरी धरलेले हात शिवून मिळतील का, म्हणाली. मी म्हटलं, मिळतील, माप तेवढं डायपर बदलल्यावर लगेच घ्या.