जरा ॲप टाकून दे रे!

गाडी बदलण्याचा त्रास काय असतो हे कुर्डुवाडीला कोणी शिकवू नये. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून मोठ्या लाइनवर उतरलेला माणूस आणि त्याचा माल, दोघांनाही इथे अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीत चढावं लागायचं. पुढे ब्रॉडगेज आली आणि ही चढउतार संपली. मोबाईल ॲपवाल्यांनी ती पुन्हा सुरू केली. आधी नंबर द्या, मग ओटीपी, मग पासवर्ड. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. दर टप्प्याला बोचकं उतरवायचं आणि पुढच्या गाडीत चढवायचं. निम्मे प्रवासी मधेच चहाला निघून जातात.

त्यामुळे गावात कुठलं ॲप चालणार हे त्याच्या गुणांवर ठरत नाही, ते फोनमध्ये किती सुखाने शिरलं यावर ठरतं. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ नाव विचारत नाही, पासवर्ड मागत नाही, आणि गाडीत बसल्यावर नेट गेलं तरी मोबाईल टॉवरच्या आधाराने पुढचं स्टेशन सांगतं. २०१८ च्या डिसेंबरात गूगलने ते बनवणारी बंगळुरूची कंपनीच विकत घेतली. स्टेशनच्या बाकावर बसलेल्या मामांना त्याचं सोयरसुतक नाही.

याउलट रेल्वेचं स्वतःचं तिकिटाचं ॲप होतं, यूटीएस. नोंदणी करा, वॉलेटमध्ये पैसे भरा, लोकेशन चालू करा. शिवाय सुरुवातीला नियम असा, की तिकीट काढताना रुळांपासून थोडं लांब उभं राहायचं. म्हणजे गाडी दिसते तिथून तिकीट निघत नाही आणि तिकीट निघतं तिथून गाडी दिसत नाही! नंतर स्टेशनवर क्यूआर कोड आले, १ जुलै २०२५ ला ‘रेलवन’ही आलं. मामा अजून खिडकीच्या रांगेतच आहेत. खिडकीतला माणूस ओटीपी मागत नाही.

शेतात तर मामांना पर्यायच नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच करायची, तीही बांधावर उभं राहून, फोटोसकट. पीक हजर, मामा हजर, रेंज तेवढी गैरहजर. बरं, एकदा टाकलेलं ॲप पुरेल म्हणावं, तर नवं व्हर्जन येतं आणि जुनं काढून टाका असा निरोप. पण एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होते, हे लोकांनी बरोबर हेरलं. मग ज्याच्या फोनमध्ये ॲप नीट बसलं, त्या कॉलेजातल्या भाच्याला अख्ख्या शिवारात मान. २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणींसाठी ‘नारीशक्ती दूत’ आलं, तेव्हा हाच मान अंगणवाडीच्या ताईंना मिळाला. त्यांना तो नको होता, ही गोष्ट वेगळी. सरकारी कागदावर वापरणारे लाखो, प्रत्यक्षात बोटं थोड्यांचीच.

इतकं सगळं अवघड असताना एक ॲप मात्र मामा भाच्याशिवाय टाकतात. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते. पत्रिका कसली, शेवटी ‘एपीके’ लिहिलेली फाइल. पोलीस वारंवार सांगतात, अशा फायलींना हात लावू नका. वाहतुकीच्या चलनाच्या नावानेही त्या फिरतात. फोनही बिचारा विचारतो, की बाबा, हे अनोळखी ठिकाणाहून आलंय, तरी घेऊ का? मामा म्हणतात, अनोळखी कसलं, पाहुण्यांचं आहे. नोंदणी नाही, पासवर्ड नाही. ओटीपी येतो, पण तो मामांना बघावाच लागत नाही. परस्पर वाचणारे बसलेले असतात. टाकायला इतकं सोपं ॲप मामांनी आयुष्यात पाहिलेलं नसतं.

खात्यातले पैसे गेल्यावर तक्रार करायची ती सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर. त्यासाठी काहीच डाऊनलोड करावं लागत नाही, हे ऐकून मामांना सरकारबद्दल पहिल्यांदा बरं वाटतं. फक्त फोन मामींच्या मोबाईलवरून लावावा लागतो, कारण मामांचा भाच्याने तोवर बंद करून कपाटात ठेवलेला असतो. आणि मामी आधी विचारतात, लग्न नेमकं कुणाचं होतं?